वढवाण्याचा हिवाळा: बडोद्याहून पाणपक्षी बघायला जाताना

बडोद्याहून डभोईमार्गे साधारण ४५ ते ५० किलोमीटरवर वढवाणा तलाव आहे. सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या काळात, १९१०च्या सुमारास, तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. जोजव्याच्या बंधाऱ्यावर ओरसंग नदीचं पाणी वळवून या तलावात आणतात आणि इथून ते कालव्यांनी आसपासच्या गावांना जातं. २०२१ साली तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. क्षेत्र सुमारे ६३० हेक्टर. मध्य आशियातून येणाऱ्या पाणपक्ष्यांचा हा हिवाळी मुक्काम आहे.

पहिल्यांदा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहणाऱ्याला मात्र यातलं फारसं काही दिसत नाही. दिसतात ते लांबवर पाण्यावर पसरलेले हजारो काळे ठिपके. अर्ध्या तासात उत्साह संपतो, मग दशम्या आणि थर्मास निघतो आणि दहा वाजता मंडळी परतीला लागतात. ठिपक्यांना नावं कशी द्यायची, ते या लेखात सांगितलं आहे. पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक पाठ करण्यापेक्षा पाण्याची खोली आणि उजेडाची दिशा कळणं इथे जास्त उपयोगी पडतं, असं आमचं ठाम मत आहे.

कोणत्या महिन्यात काय

हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो, पण नवख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरची घाई करू नये. त्या दिवसांत बदकांचे बरेच नर अजून विणीनंतरच्या फिक्या पिसाऱ्यात असतात आणि मादीसारखेच तपकिरी दिसतात. सगळा थवा एकाच मातकट रंगाचा वाटतो आणि आपल्याला काहीच जमत नाही असं वाटू लागतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत नरांचे रंग पूर्ण उतरतात. त्यामुळे पहिली फेरी २० डिसेंबर ते १० फेब्रुवारीच्या दरम्यान ठेवावी. मार्च उजाडला की बदकं पांगू लागतात.

भुवई बदक याला अपवाद. ते सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच दिसू लागतं. त्यातली बरीच बदकं आणखी दक्षिणेला जातात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या वाटेवर पुन्हा थांबतात.

आधी पाणी बघा

हा पाटबंधाऱ्याचा तलाव आहे. पावसाळ्यात भरतो आणि रब्बीला पाणी सुटलं की उतरत जातो. म्हणून एकाच ठिकाणी डिसेंबरात आणि फेब्रुवारीत वेगळे पक्षी दिसतात, आणि गेल्या वर्षीची यादी या वर्षी जुळेलच असं नाही.

खोलीचा हिशेब असा. पाण्यावर तरंगत डोकं बुडवून, शेपूट वर करून खाणारी बदकं, म्हणजे तलवार बदक, मलिन बदक, थापट्या, चक्रांग, यांची मान पोचेल तेवढंच त्यांचं ताट. ते साधारण फूट-दीड फूट पाणी. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते इतरांपेक्षा जरा खोलात दिसतं. लालसरी, शेंडी बदक ही बुडी मारणारी. त्यांना एक ते तीन मीटर पाणी आवडतं, म्हणून ती तलावाच्या मध्याकडे असतात. शेकाट्या त्याच्या लांब पायांवर वीतभर पाण्यात चालतो. तुताऱ्या आणि छोटे चिखलपक्षी दोन-चार सेंटिमीटर पाण्यात किंवा नुसत्या ओल्या चिखलात.

पाऊस भरपूर झालेल्या वर्षी डिसेंबरात पाणी थेट पाळीच्या दगडांना लागलेलं असतं. कडेला उथळ पट्टाच नसतो, म्हणून चिखलपक्षी जवळपास दिसत नाहीत. ‘या वर्षी पक्षी आलेच नाहीत’ अशी तक्रार याच वर्षी जास्त ऐकू येते. पक्षी आलेले असतात, पण त्यांना उभं राहायला जागा नसते म्हणून ते आसपासच्या गावतळ्यांवर आणि पाणी सोडलेल्या शेतांवर पांगतात. अशा वर्षी चिखलपक्ष्यांसाठी फेब्रुवारीची वाट बघावी. पाऊस कमी झालेल्या वर्षी उलट होतं: उथळ पट्टा लवकर उघडा पडतो, डिसेंबरातच सगळं जवळ येतं, पण फेब्रुवारीअखेर पाणी आटून गर्दी ओसरते.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. नुसत्या डोळ्यांनी बघा: गवत आणि पाणवेली कुठे आहेत, चिखल कुठे उघडा आहे, मोकळं खोल पाणी कुठे सुरू होतं. हे तीन पट्टे मनात आखले की निम्मी ओळख झाली.

सामान

दुर्बीण ८×४२ घ्यावी. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, आणि पहाटेच्या मंद उजेडात त्याचा फरक पडतो. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही दहा पट दिसतो आणि दिसणारं क्षेत्र अरुंद होतं, म्हणून उडता थवा चटकन निसटतो. मोठ्या तलावासाठी दहापट हवी असा आग्रह बरेच जण धरतात. पहिल्या हंगामात आम्ही आठपटच सुचवू. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, ३०×६० असे आकडे छापलेल्या खेळण्यांकडे ढुंकूनही बघू नका. तो आकडा खरा नसतो आणि खरा असता तरी हातात धरून काही दिसलं नसतं.

लांबच्या लालसरींसाठी २०–६० पट झूमची, ६५ ते ८० मिलिमीटर भिंगाची स्पॉटिंग स्कोप लागते. ती गटात एक असली तरी पुरे. ट्रायपॉड दणकट हवा, कारण पाळीवर वारा लागतो. स्टँड हलका असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला पाण्याची बाटली भरलेली पिशवी अडकवा आणि मधला दांडा वर काढू नका.

दुर्बीण प्रत्येकाच्या डोळ्यांना वेगळी लावावी लागते. बहुतेक जण हे करत नाहीत आणि मग धूसर दिसतं म्हणून दुर्बिणीला नावं ठेवतात. पद्धत अशी:

१. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण आत दाबा किंवा फिरवून खाली बसवा. चष्मा नसेल तर बाहेर काढा. हे चुकलं तर कडेने काळी वर्तुळं दिसतात.
२. दोन्ही नळकांडी जवळ-लांब करत दोन गोलांचा एकच गोल होईपर्यंत जुळवा.
३. पन्नास-साठ मीटरवरची पाटी किंवा सुकी फांदी निवडा. उजवा डोळा मिटा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा.
४. आता डावा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळच्या कड्याने उजव्याला स्पष्ट करा. कड्यावरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा.
५. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

हा सगळा खटाटोप आदल्या दिवशी गच्चीवर, समोरच्या इमारतीवरचा कावळा बघत करून टाका. त्याच वेळी आणखी एक सवय लावा: नजर पक्ष्यावर खिळवून ठेवायची आणि मान न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधत बसलं तर तोवर पक्षी उडालेला असतो.

कपडे मातकट किंवा हिरवट, पांढरे मुळीच नकोत. टोपी, एक वही, पेन्सिल, पाणी, खाणं. जानेवारीत पहाटेचं तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं आणि पाण्यावरून येणारा वारा त्याहून बोचरा असतो, म्हणून कानटोपी हवीच. गाडीत हीटर लावून आलात तर दुर्बीण मागच्या डिकीत, पिशवीत बंद ठेवा. थंड पडलेली भिंगं उबदार दमट हवेत आणली की धुरकट होतात आणि तो धूर ओसरायला दहा-पंधरा मिनिटं जातात.

कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो: पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना तो घरी ठेवा. फोटो काढणारा एकाच पक्ष्यामागे तास घालवतो आणि बाकीचा तलाव राहून जातो.

वाट आणि वेळ

नकाशावर ‘वढवाणा’ आणि सोबत ‘डभोई’ असं दोन्ही टाका. नुसतं ‘वढवाण’ लिहिलंत तर फोन तुम्हाला सुरेंद्रनगर जिल्ह्याच्या वाटेला लावेल. कपुराई चोकडीवरून डभोई रस्ता धरायचा. डभोईपुढे दहा-बारा किलोमीटर. हाच रस्ता पुढे एकतानगरला सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे जातो, म्हणून रविवारी आणि सुट्यांना गर्दी असते. शक्यतो आठवड्यातला दिवस काढा. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क वनखातं ठरवतं, ते बदलत असतात, निघण्याआधी विचारून घ्यावं.

डिसेंबरअखेर बडोद्यात सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, जानेवारीच्या मध्याला आणखी पाच-सात मिनिटं उशिरा. प्रवेशाची वेळ परवानगी देत असेल तर उगवण्याआधी तिथे असावं, म्हणजे दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातून साडेपाच-पावणेसहाला निघायला हवं. एवढी धडपड कशासाठी, तर हंस आणि बरीचशी बदकं रात्री आसपासच्या शेतांत, गवतात चरतात आणि उजाडताना तलावावर परततात. त्या अर्ध्या तासात थवे डोक्यावरून जातात, आवाज ऐकू येतात. आठनंतर तीच मंडळी तलावाच्या मध्यावर मान पंखांत खुपसून झोपलेली असते. झोपलेलं बदक ओळखणं जाणत्यालाही जड जातं.

जानेवारीत कधीकधी पाण्यावर असं धुकं बसतं की नऊपर्यंत काही दिसत नाही. तेव्हा पाळ सोडून कडेच्या झाडाझुडपांकडे आणि शेतांकडे वळा: शंकर पक्षी, गप्पीदास, धोबी, वेडे राघू तिथे जवळून दिसतात.

अकराच्या पुढे दुसरा शत्रू येतो. तापलेल्या जमिनीवरून आणि पाण्यावरून हवा थरथरू लागते. स्कोपमध्ये ३० पटीच्या वर पक्षी पाण्यात बुडालेल्या नाण्यासारखा हलतो. तेव्हा झूम वाढवून उपयोग नाही, उलट २०वर आणा आणि जवळचेच पक्षी बघा. दुपारी मात्र एक जागा सोडू नये. शेतात चरणारे कांड्या करकोचे, ज्यांना इथले लोक कुंज म्हणतात, ते दुपारच्या सुमाराला पाणी प्यायला उतरतात. आकाशातून त्यांचा कर्कश, घुमणारा आवाज आधी येतो.

उभं कुठे राहायचं

सकाळी सूर्य पाठीशी हवा. म्हणजे तुम्ही पूर्वेच्या कडेला आणि नजर पश्चिमेला. आदल्या रात्री उपग्रह नकाशावर तलावाची पूर्वेकडची बाजू आणि तिथवर जाणारी पायवाट बघून ठेवा. उजेडासमोर उभं राहिलात तर सगळ्या बदकांच्या काळ्या आकृत्या दिसतात. संध्याकाळी याच्या उलट बाजू.

पाळीच्या माथ्यावरून चालणं ही नेहमीची चूक. माथ्यावरचा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्ष्यांना खूप लांबून दिसतो आणि कडेचा सगळा थवा आत सरकतो. माथा ओलांडून चार पावलं उतारावर या, झुडपाच्या किंवा दगडाच्या आडोशाला खाली बसा आणि वीस मिनिटं जागचे हलू नका. आत सरकलेले पक्षी साधारण तेवढ्या वेळात पुन्हा कडेला येऊ लागतात, आधी वारकरी, मग चक्रांग. दिवसभरात सहा जागा फिरण्यापेक्षा दोन जागी तासभर बसणाऱ्याची यादी मोठी होते. पक्षी बघण्याच्या मनोऱ्यावरून तलावाचा अंदाज येतो, बारकावे दिसत नाहीत. तिथे चढून पट्टे बघा आणि खाली उतरा.

अगदी पाण्याच्या काठाला मात्र बसू नये. बडोद्याच्या परिसरातल्या नद्या-तलावांत मगरी आहेत हे विश्वामित्रीकाठच्यांना सांगायला नको.

ओळख: मोजक्या पक्ष्यांपासून

सुरुवात वारकऱ्यापासून करा. काळा कुळकुळीत, कोंबडीएवढा, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. तो इथे शेकड्यांनी असतो. उडण्याआधी पाण्यावर लांबपर्यंत छपछप धावतो. वारकरी नीट ओळखता आला की त्याच्या मापाने बाकीच्यांचा आकार ठरवता येतो: वारकऱ्यापेक्षा लहान असेल तर चक्रांग किंवा भुवई बदक, मोठं आणि लांबट असेल तर तलवार बदक. वारकऱ्यांकडे आणखी एका कारणासाठी बघावं. विखुरलेले वारकरी अचानक एकमेकांना चिकटून गोळा झाले की मान वर करा. बहुधा दलदल भोवत्या किंवा एखादा गरुड वरून जात असतो. भोवत्या पंख इंग्रजी व्ही आकारात उचलून, गवतावरून खाली तरंगत जातो.

बदकांमध्ये रंगाआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ते पाण्यावर कसं बसलंय. वरवर खाणारी बदकं पाण्यावर उंच बसतात, शेपूट वर असते. बुडी मारणारी खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकलेली. दुसरी, उडताना. वरवर खाणारी जागच्या जागी सरळ उसळी घेतात, बुडी मारणाऱ्यांना पाण्यावर धावावं लागतं. तिसरी, चोच. एवढ्यावर दोन गट पडले की रंगांकडे या.

तलवार बदकाच्या नराचं डोकं चॉकलेटी, छाती पांढरी आणि त्या पांढऱ्याची एक बारीक रेघ मानेच्या बाजूने वर डोक्यात शिरते. लांबून हीच रेघ चमकते, टोकदार शेपूट नंतर दिसते. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला पसरट. नराचं डोकं हिरवं, छाती पांढरी, कुशी विटकरी. पंधरा-वीस थापटे एकमेकांच्या मागे चोच पाण्यात टेकवून गोल गोल फिरताना दिसले तर थांबून बघा. पायांनी ढवळलेलं पाणी चोचीतल्या कंगव्यातून गाळून त्यातले बारीक जीव ते खात असतात. पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं.

मलिन बदक नावाप्रमाणे राखाडी आणि फारसं लक्ष न वेधणारं, म्हणून नवखे त्याला ‘कुणाची तरी मादी’ म्हणून सोडून देतात. नराचा मागचा भाग गडद काळा आणि पंखावर छोटा पांढरा चौकोन. ही खूण मादीलाही असते. तरंग बदकाचं डोकं तांबूस, कपाळ साईच्या रंगाचं, आणि शीळ घातल्यासारखा आवाज. ते कडेच्या गवतावर चरताना सापडतं. चक्रांग सगळ्यांत लहान. नराच्या शेपटीखाली पिवळसर डाग आणि कुशीवर आडवी पांढरी रेघ. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेपर्यंत रुंद पांढरी भुवई.

मोठी लालसरी एकदा बघितली की विसरत नाही: फुगीर नारिंगी डोकं, लालभडक चोच, काळी छाती. छोट्या लालसरीचं डोकं तांबूस पण चोच काळी-राखी, पाठ फिकट राखाडी. गोंधळ इथून पुढे आहे. शेंडी बदकाच्या मादीला कधीकधी शेपटीखाली पांढरं असतं आणि लोक ती लोहबदक, म्हणजे फेरुजिनस पोचार्ड, म्हणून लिहून मोकळे होतात. डोळा बघा. शेंडी बदकाच्या मादीचा डोळा पिवळा आणि डोक्यामागे आखूड शेंडी. फेरुजिनसच्या मादीचा डोळा तपकिरी, नराचा पांढरा, आणि शेपटीखालचा पांढरा डाग अगदी स्वच्छ, कडा ठळक. डोळा दिसला नाही तर नाव लिहू नका.

माद्यांचं काय? पहिल्या हंगामात त्यांच्या मागे लागू नका. चोचीचा आकार आणि सोबतचा नर एवढ्यावर जितकं कळेल तितकं पुरे.

हंस दोन. पट्टकादंबाचं डोकं पांढरं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हे हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरहून वर उडाल्याची नोंद आहे. दुसरा करडा, जाडसर, गुलाबी चोचीचा कलहंस. गुजरातीत पहिल्याला राजहंस आणि दुसऱ्याला गाजहंस म्हणतात. गावातल्या मार्गदर्शकासोबत फिरणार असाल तर आणखी काही नावं माहीत असलेली बरी: वारकऱ्याला भगतडुं, तलवार बदकाला सिंगपर, थापट्याला गयणो. मार्गदर्शक जरूर घ्या. काल कुठे काय बसलं होतं हे कोणत्याच पुस्तकात नसतं. त्याच्याशी मोडकंतोडकं का होईना गुजरातीतच बोला. बडोदेकराला त्यात अवघड काही नाही.

चिखलपक्ष्यांमध्ये शेकाट्या सोपा: गुलाबी, काठीसारखे पाय, काळे पंख. पाणटिवळा मोठा, चोच लांब सरळ आणि बुडाशी गुलाबी. उडताना पंखावर पांढरी पट्टी आणि शेपूट काळी. तुताऱ्यांना घाबरायचं कारण नाही, तीनच लक्षात ठेवा. सामान्य तुतारी: खांद्यापाशी पांढरी चंद्रकोर, मागचा भाग सतत वरखाली, उडते ती पाण्याला लागून, पंख ताठ थरथरवत. ठिपकेवाली: पाठीवर ठिपके आणि डोळ्याच्या मागेपर्यंत जाणारी फिकी भुवई. हिरवी: पाठ जवळपास काळी, उडाली की कमरेवरचा पांढरा डाग झळकतो.

चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचा, शराटी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, टिबुकली, सर्पपक्षी हे मोठे किंवा ठळक. चित्र बघून कुणालाही जमतील.

मोजणी

थवा बघून मनात येणारा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतो. मोजायचं ते ठोकळ्यांनी. थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी एकेक करून मोजा आणि दहांनी दुर्बिणीच्या गोलात किती जागा व्यापली ते नजरेत बसवा. तशा दहा जागा म्हणजे शंभर. मग शंभराचा ठोकळा डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. हे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून करा. दोन आकड्यांत फार तफावत आली तर थव्याच्या कडेला पक्षी विरळ आणि मध्ये दाट आहेत, ठोकळा दोन्हीकडे वेगळा घ्यायला हवा होता.

मिश्र थव्यात आधी एकूण आकडा काढा. नंतर तीन वेगवेगळ्या जागी शंभर-शंभर पक्षी बघून कोणते किती ते लिहा आणि त्या प्रमाणात वाटा. उडता थवा मोजायचा तर पुढून नव्हे, मागून सुरुवात करा, म्हणजे मोजलेले पक्षी निसटत नाहीत. एक जण बघणारा, एक लिहिणारा अशी जोडी लागते. बघणाऱ्याने दुर्बीण खाली केली की हिशेब तुटतो.

ही सवय जानेवारीत कामी येते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते आणि त्यात स्वयंसेवक लागतात. फेब्रुवारीतली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ घरच्या अंगणातूनही करता येते.

नोंद ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी. सुरू केल्याची वेळ, किती मिनिटं, किती अंतर चाललात आणि दिसलेले, ओळखलेले सगळे पक्षी हे चार तपशील असले की नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. आवडलेलेच पक्षी लिहून कावळा-टिटवी गाळली तर ती यादी अपुरी. आकड्याच्या जागी नुसती फुली टाकू नका, ‘अंदाजे १२००’ हे फुलीपेक्षा खूप बरं. मर्लिन अ‍ॅपने फोटो बघून सुचवलेलं नाव ही सूचना समजा. लांबच्या, उजेडासमोरच्या बदकांवर ते सर्रास फसतं.

शिस्त आणि संक्रांत

हिवाळ्यात पक्षी वजन वाढवायला आलेले असतात, परतीच्या प्रवासाचं इंधन ते इथेच भरतात. थवा एकदा उडवला की त्यातलं काही वाया जातं. म्हणून फोटोसाठी टाळ्या वाजवणं, ढेकूळ मारणं, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावणं, परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हे काहीही नको. पक्षी खाणं थांबवून माना ताठ करू लागले की तीच खूण: आणखी एक पाऊल पुढे टाकू नका. शेतांतून जाताना बांधावरूनच चाला आणि शेतकऱ्याला विचारून. ओला गहू तुडवलात तर पुढच्या गटाला त्या वाटेने कुणी जाऊ देणार नाही.

१४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायणात, करकोचे, बगळे, शराट्या सकाळ-संध्याकाळ मांज्यात सापडतात. जखमी पक्षी मिळाला तर मांजा ओढू नका, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापा आणि जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. सुती कापड टाकून पक्षी झाका, पंख अंगाशी धरून उचला. बगळा किंवा करकोचा असेल तर चोच आपल्या तोंडापासून लांब ठेवा, तो डोळ्यावर मारतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गुजरातेत १९६२ या क्रमांकावर पशु-पक्ष्यांची रुग्णवाहिका मिळते. त्या काळात सरकारच्या करुणा अभियानात जागोजागी उपचार केंद्रंही असतात.

घरी आल्यावर भिंगांवरची धूळ आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने उडवा, मगच कापड लावा. पाळीवरची धूळ बारीक वाळूची असते. कोरडी पुसली तर काचेवरच्या लेपाला चरे पडतात आणि ते निघत नाहीत. शर्टाच्या टोकाने तर कधीच नाही. आणि यादी त्याच रात्री भरून टाका, दोन दिवसांनी मलिन बदक किती होती ते कुणालाच आठवत नाही.